ईएसपी-३२ आणि निंबल: टॉवेलच्या कारखान्यात नऊ मागांची कनेक्शनं, काही महिन्यांच्या वापरानंतर

ईएसपी-३२ म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड, निंबल म्हणजे त्यावर ब्लूटूथ चालवणारी लायब्ररी (तयार कोड). बोर्डाची बाकी माहिती सगळ्यांना आहे, ती पुन्हा देत नाही. हा अनुभव एकाच कामाचा आहे. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना. प्रत्येक मागाच्या क्रँकशाफ्टवर लोहचुंबक, समोर हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की सिग्नल देणारा) आणि बॅटरीवर चालणारं ब्लूटूथ मॉड्यूल. शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, म्हणजे कापडात एक आडवा धागा. नऊ मागांचे आकडे एकच ईएसपी-३२ गोळा करतो आणि वायफायवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला देतो.

तक्रार एकच, पण ती काही केल्या डोक्यातून जात नाही: ३ हा आकडा. एका वेळी किती कनेक्शनं, याचं निंबल-अर्डुइनोमधलं (निंबलची अर्डुइनोसाठीची आवृत्ती) मूळ सेटिंग ३ आहे. चिपला ९ झेपतात. लायब्ररीच्या निमकॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅक्स कनेक्शन्स’ ९ केलं की काम सुरू होतं. पुढे कधीतरी अर्डुइनो आयडीई (कोड लिहून बोर्डावर चढवायचा प्रोग्राम) अपडेट सुचवते, कुणीतरी बटण दाबतं, लायब्ररीची फाइल नव्याने येते आणि आकडा गुपचूप परत ३. कंपाइल होताना एक इशारा नाही. पुढचा अपलोड झाला की सहा माग शून्य दाखवतात, आणि मजुरी मालावर ठरते तिथे शून्य कुणी हसण्यावारी नेत नाही. वर चौथा क्लायंट (एका मॉड्यूलशी कनेक्शन सांभाळणारा कोडमधला भाग) मागितला की लायब्ररी रिकामा पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा दुवा, हातात देते. तो न तपासता वापरला की बोर्ड रीसेट, पुन्हा तेच, पुन्हा रीसेट.

उपाय फुकट आहे. आयडीईऐवजी प्लॅटफॉर्मआयओ वापरा, हा आकडा प्रोजेक्टच्या बिल्ड फ्लॅग्जमध्ये (कंपाइल करतानाच्या सूचनांत) लिहा आणि लायब्ररीची आवृत्ती तिथेच बांधून टाका. ईएसपी-आयडीएफ (चिप बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची साधनं) वापरणाऱ्यांनी तिथल्या मेन्यूकॉन्फिग या सेटिंगच्या यादीत दोन जागा बघाव्यात: निंबलचा होस्ट (वरचा सॉफ्टवेअरचा थर) आणि खालचा, रेडिओ चालवणारा कंट्रोलर. एकच वाढवला तर लहान आकडा जिंकतो. पेअरिंग ठेवणार असाल तर बाँड्सची (पेअर केलेल्या उपकरणांच्या साठवलेल्या नोंदींची) मर्यादाही मुळात ३ आहे. चौथं उपकरण जोडलं की जुन्याची नोंद पुसली जाते.

एवढ्यावर दोन तारे दिले होते. आता साडेतीन करतो, कारण ९ झाल्यावरही कनेक्शनं तुटत होती आणि त्यात लायब्ररीचा दोष नव्हता. ब्लूटूथ आणि वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओवर पाळीपाळीने चालतात. कनेक्शन इंटरव्हल (दोन उपकरणांनी किती वेळाने एकदा बोलायचं) ३० मिलिसेकंद ठेवला तर नऊ लिंकांना प्रत्येकी जेमतेम सव्वातीन मिलिसेकंद मिळतात, त्यातही वायफायचा वाटा. इंटरव्हल १.२५ मिलिसेकंदांच्या एककात द्यायचा असतो. १६० लिहिलं की २०० मिलिसेकंद. टाइमआउट (किती वेळ काहीच ऐकू आलं नाही की कनेक्शन तुटलं समजायचं) १० मिलिसेकंदांच्या एककात. ४०० म्हणजे ४ सेकंद. माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक टाकतो, म्हणजे सेकंदाला दोन. त्यासाठी २०० मिलिसेकंद भरपूर झाले. वायफायची वीज वाचवणारी झोप मात्र बंद करू नका. ब्लूटूथ चालू असताना ती बंद केली की फर्मवेअर स्वतःच थांबतं.

कनेक्शन का तुटलं हे सीरियलवरचा (यूएसबीने कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या नोंदींतला) कोड सांगतो. निंबल त्यात ५१२ मिळवून देतं. ५२० म्हणजे टाइमआउट: अंतर, लोखंडी सांगाडा किंवा इंटरव्हल बघा. ५३१ म्हणजे समोरच्याने तोडलं, ५३४ म्हणजे आपल्याच बाजूने, ५७४ म्हणजे कनेक्शन जमलंच नाही. मॉड्यूल मागाच्या फ्रेमला चिकटवून लावलं तर ५२० हमखास. अँटेनाभोवती किमान दीड सेंटिमीटर धातू नको.

वीज गेली-आली की नऊही पुन्हा जोडायचे. एका वेळी एकच कनेक्ट चालतं, आणि त्याआधी स्कॅन, म्हणजे आसपासची मॉड्यूलं शोधणं, थांबवावं लागतं. एका मॉड्यूलची बॅटरी संपली असेल तर मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद तिथेच थांबणं, बाकीचे रांगेत. हा वेळ ५ सेकंदांवर आणा. इथे लायब्ररीच्या आवृत्तीचा घोळ आहे: १.x मध्ये तो सेकंदांत लिहायचा, २.x मध्ये मिलिसेकंदांत. जुन्या कोडमधला ५ तसाच ठेवला तर ५ मिलिसेकंदांत काय जुळणार? डिसकनेक्टच्या कॉलबॅकमध्येच (कनेक्शन तुटलं की लायब्ररी आपोआप चालवते त्या कोडमध्ये) परत कनेक्ट करू नका, होस्टचा टास्क अडकतो. तिथे फक्त फ्लॅग लावा, काम मुख्य लूपमध्ये. आणि माग ओळखायचा तो मॉड्यूलच्या ब्लूटूथ पत्त्यावरून. कनेक्शन हँडल (कनेक्शनचा तात्पुरता क्रमांक) सुटला की दुसऱ्याला मिळतो. त्यावर विसंबलात तर चार नंबरच्या मागाचे पिक दोन नंबरच्या खात्यात जमा.

हे सगळं बसवल्यावर जो प्रश्न आधीच पडायला हवा होता तो पडतो: आकडा मोजायला कनेक्शन हवंच कशाला? आता मॉड्यूल दर सेकंदाला जाहिरात पॅकेटमध्येच (न जोडता सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या छोट्या संदेशात) माग क्रमांक, एकूण पिक आणि बॅटरी पाठवतं. ३१ बाइटांत हे आरामात मावतं. आकडा एकूण असल्याने मधली दोन-चार पॅकेटं गळाली तरी हिशेब बिघडत नाही. स्कॅन पॅसिव्ह (फक्त ऐकायचं, काही विचारायचं नाही), इंटरव्हल १००, विंडो ५० मिलिसेकंद, म्हणजे दर १०० पैकी ५० ऐकायचं. डुप्लिकेट गाळणी बंद करा, नाहीतर प्रत्येक माग एकदाच दिसतो. निकाल साठवण्याची मर्यादा शून्य करा, नाहीतर रॅम भरत जाते. नऊची मर्यादाही इथे लागू नाही. सेटिंग बदलायचं असेल तेव्हाच एखाद्या मॉड्यूलला कनेक्ट करायचं, काम झालं की सोडायचं.

वीस कनेक्शनं देणारी एनआरएफ-५२८४० ही दुसरी ब्लूटूथ चिप घ्यावी का, असं विचारणारे बरेच आहेत. सॉफ्टडिव्हाइसवर (त्या चिपच्या कंपनीच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरवर) वीस होतात, पण किंमत बघा आणि मग पिक मोजायला तेवढे पैसे घालायचे का ते ठरवा. त्यापेक्षा काउंटर ३२ बिटांचा ठेवा. १६ बिटांचा ६५,५३६ वर पलटतो, म्हणजे १२० पिकांच्या वेगाने नऊ तासांतच, आणि पाळी बारा तासांची असेल तर मधेच. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर बॅटरी बदलली असं समजून बेरीज तिथून पुढे धरा.