सभात्याग की शिरगणती? नव्या सरकारपुढे विरोधकाने काय करावं

शपथविधी उरकलाय, विश्वासदर्शक ठराव उद्यावर आलाय आणि तुम्ही विरोधी बाकावर पहिल्यांदाच निवडून आलेले. पक्षाचा व्हिप येईलच, पण त्याआधीच्या बैठकीत तुम्हालाही कोणीतरी विचारेल: बाहेर पडायचं की बसायचं? आपल्याच विधानसभेतले दाखले पुरेसे आहेत.

३० नोव्हेंबर २०१९, उद्धव ठाकरे सरकारचा ठराव. भाजपने हंगामी अध्यक्ष बदलण्यावर, अधिवेशन बोलावण्याच्या पद्धतीवर हरकती घेतल्या आणि सभात्याग केला. बाहेर कॅमेरे तयारच होते. आत मात्र शिरगणती सुरू होती. एकेक आमदार उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता. निकाल १६९ विरुद्ध शून्य, चार तटस्थ. १०५ आमदारांचा, सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष, आणि विरोधाच्या रकान्यात भोपळा! हरकती कितीही रास्त असोत, दहा वर्षांनी कामकाज चाळणाऱ्याला हा शून्यच आधी दिसेल.

आता ४ जुलै २०२२ बघा. शिंदे सरकारला १६४, विरोधात ९९. हरणार हे आदल्या दिवशीच अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कळून चुकलं होतं. तरी महाविकास आघाडी बसली, आणि बसली म्हणून बोलताही आलं. नवे अध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्या अभिनंदनाचं अजित पवारांचं आदल्या दिवशीचं भाषण आठवतं? नार्वेकर हे अजितदादांच्याच राष्ट्रवादीतल्या रामराजे नाईक-निंबाळकरांचे जावई, तो धागा तर पकडलाच. शिवाय भाजपच्या पुढच्या बाकांवर आमच्याकडून गेलेलीच मंडळी दिसतात, मूळ भाजपवाल्यांचं काय, हा चिमटा. अभिनंदनाच्या ठरावात विरोध असा मिसळता येतो. आरडाओरड्यापेक्षा हे कितीतरी जड जातं, कारण समोरच्याला चिडताही येत नाही.

(वर्षभरात, २ जुलै २०२३ ला, तेच अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले, हे खरं. पण भाषणाची धार त्यामुळे कमी होत नाही.)

माझं मत बसण्याच्या बाजूने आहे. २०१९ च्या सभात्यागाने भाजपचं फारसं बिघडलं नाही, हेही मान्य करतो. पण दुसऱ्याच दिवशी फडणवीस विरोधी पक्षनेते म्हणून सभागृहात उभे राहिले आणि ‘परत येईन’ हे शेर म्हणत ऐकवलं. लोकांना आठवतं ते हे, पायऱ्यांवरच्या घोषणा नव्हेत.

बहिष्काराचा तिसरा पर्यायही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या आमदारांनी ईव्हीएमच्या मुद्द्यावर पहिल्या दिवशी शपथ घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली. समाजवादी पक्षाच्या आमदारांनी मात्र पहिल्याच दिवशी घेऊन टाकली आणि त्यांचा पक्ष आघाडीतून बाहेर पडला. सरकारला ओरखडा नाही, फट पडली ती आपल्याच घरात. एका दिवसाचा बहिष्कार करायचाच असेल, तर आधी मित्रपक्षांची डोकी मोजा.

धक्काबुक्कीचा विचारही नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये फडणवीस सरकारचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. मतविभागणी (मतांची प्रत्यक्ष मोजणी) झालीच नाही, म्हणजे विरोधकांकडे रागावायला भक्कम कारण होतं. पण त्याच दिवशी राज्यपालांना धक्काबुक्की झाल्यावरून काँग्रेसचे पाच आमदार निलंबित झाले आणि चर्चा त्यावरच गेली. तेव्हा आवाजी मतदान पुकारलं जाताच मतविभागणी मागा, जागेवरून आणि मोठ्याने.

आणि बसायचं ठरलं, तर वेळेत या. २०२२ ला घंटा वाजून दारं बंद झाली तेव्हा अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासारखे मुरलेले नेते बाहेर राहिले. आदल्या दिवशी विरोधकांची मतं १०७ होती, त्या दिवशी ९९ भरली.