पेन्शन विकावी का? अंशराशीकरणाचा खरा हिशेब

तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचे गुरुजी, कृषी सहायक. गावात यांच्यापैकी कोणी रिटायर होणार असलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेन्शन विकायची की नाही? म्हणजे दरमहाच्या पेन्शनचा काही भाग ठरावीक वर्षं सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे की नाही. यालाच अंशराशीकरण म्हणतात. बहुतेक जण फॉर्मवर सरळ ४० टक्के लिहून मोकळे होतात. सरकार देत असलेली ही सोय तपासून घेण्यासारखी आहे, कारण एकदा घेतली की मधेच परत करता येत नाही. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्या, जुन्या पेन्शनवाल्यांसाठीच हे लिखाण आहे.

मूळ पेन्शन ३०,००० रुपये धरू. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे महिन्याचे १२,००० विकता येतात. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचं पुढच्या वाढदिवसाचं वय ५९ धरतात आणि त्याला सरकारच्या वयानुसार ठरलेल्या तक्त्यातला गुणक ८.३७१ लागतो. १२,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे १२,०५,४२४ रुपये एकरकमी हाती येतात. त्या बदल्यात पुढची १५ वर्षं दरमहा १२,००० कापले जातात. १८० महिन्यांचे होतात २१,६०,००० रुपये. नुसती मुद्दल ८ वर्षं ५ महिन्यांत फिटते. व्याज धरलं तर हा सौदा वर्षाला साधारण ८.७ टक्क्यांचा पडतो.

खरी तक्रार इथेच आहे. आधी विकलेला भाग मरेपर्यंत परत मिळत नसे. कॉमन कॉज संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन पूर्ववत करण्याची मुदत मान्य केली. त्या काळच्या तक्त्यात ५९ वयासाठी गुणक १०.४६ होता. त्या गुणकाने याच १२,००० चे १५,०६,२४० रुपये मिळाले असते. सहाव्या वेतन आयोगानंतर नवा तक्ता आला, गुणक ८.३७१ वर उतरला, पण मुदत १५ ची १५ च राहिली. हातात येणारी रक्कम तीन लाखांनी घटली आणि कपात मात्र एका महिन्यानेही कमी झाली नाही. जुन्या गुणकाने हाच व्याजदर ५ टक्क्यांच्या आसपास पडत होता. केरळात १२ वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. आपल्याकडेही मुदत १२-१३ वर्षांवर यायला हवी, हे आमचं स्पष्ट मत आहे. ७३ व्या वर्षापर्यंत कपात सोसणाऱ्या माणसाच्या औषधपाण्याचा खर्च ऐन त्याच काळात वाढतो.

सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि ती लहान नाही. पेन्शनधारक पाचव्या वर्षी वारला तरी उरलेली वसुली घरच्यांकडून होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून ती कापली जात नाही. कोणतीही बँक अशी माफी फुकटात देत नाही. शिवाय ही रक्कम सरकारी नोकराला पूर्ण करमुक्त आहे.

मग घ्यावी कोणी? डोक्यावर सावकाराचं शेकडा दोन रुपये महिन्याचं कर्ज असेल, किंवा पतसंस्थेचं ११-१२ टक्क्यांचं, तर जरूर घ्या आणि आधी ते फेडा. वावरात विहीर खोदायची आहे, तालुक्याला घर बांधायचं आहे आणि ग्रॅच्युइटी, जीपीएफ, रजा रोखीकरण धरूनही पैसा कमी पडतो, तरीही घ्या. पण ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकायला ८.७ टक्क्यांचा पैसा उचलणं म्हणजे दरवर्षी घाटा. नातेवाइकांना उसने द्यायला तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: पूर्ण ४० टक्के विकलेच पाहिजेत असं नाही. १५ टक्के विकले तर महिन्याला ४,५०० कापले जातील आणि ४,५२,०३४ रुपये मिळतील. जेवढी नड तेवढंच विका.

अर्ज पेन्शन केससोबतच द्या. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत दिला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, नंतर लागते. उशिराने वय वाढलं की गुणकही घसरतो, ६० ला तो ८.२८७ होतो. विभागीय चौकशी सुरू असेल तर ती निकाली निघेपर्यंत अंशराशीकरण नाही. नामनिर्देशन भरायला विसरू नका, पैसे हाती पडण्याआधी काही बरंवाईट झालं तर त्याचाच आधार असतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची विदर्भातली प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून मंजूर होतात. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी मात्र पंचायत समितीत पाठपुरावा करावा.

पेन्शन सुरू झाली की दोन गोष्टी पासबुकात तपासा. पहिली, महागाई वाढ. ती कापलेल्या १८,००० वर नव्हे, पूर्ण ३०,००० वर मिळते. महागाईचा दर ५० टक्के धरला तर १५,००० यायला हवेत. ९,००० च येत असतील तर हिशेब चुकला आहे, लगेच लेखी अर्ज द्या. दुसरी, एकरकमी पैसे कोणत्या तारखेला जमा झाले आणि कपात कोणत्या महिन्यापासून लागली. या दोन तारखा जुळत नसतील तर नुकसान तुमचंच होतं. मंजुरी आदेशाची प्रत आणि पासबुकाचं ते पान लॅमिनेट करून ठेवा.

१५ वर्षं मोजायची ती कपात लागल्याच्या तारखेपासून. जुलै २०१० पासून कपात लागलेल्याची पूर्ण पेन्शन जुलै २०२५ पासून पूर्ववत व्हायला हवी. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचंही ज्यांनी अंशराशीकरण घेतलं, त्यांना दोन वेगळ्या रकमा आणि दोन वेगळ्या तारखा सांभाळाव्या लागतात. इथेच जास्त घोळ होतो. कपात आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडून कोषागारात अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. त्यानंतरही कपात चालू राहिलीच, तर जास्तीच्या प्रत्येक महिन्याची थकबाकी मागा. ती तुमच्या हक्काची आहे.