चार चाकांचा, आसन असलेला वॉकर: पार्किन्सनच्या सोबतीने काही महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना मी चार चाकांचा, बसण्याची सोय असलेला वॉकर घेतला. दुकानदार आणि फिजिओथेरपिस्ट त्याला रोलेटर म्हणतात. पावसाळा, चतुर्थी, दिवाळी आणि आता थंडी असा काळ तो वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. मला पार्किन्सन आहे. निवृत्त होईपर्यंत मी गोव्यातील फोंडा तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आता यजमानांसोबत म्हार्दोळला जुन्या घरात राहते. वॉकरच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या प्रकारातील बहुतेक वॉकरांची रचना सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते त्या रचनेविषयीच आहे.

माझे मत आधीच नोंदवते. चालण्यासाठी म्हणून सगळे ही वस्तू घेतात, मीही त्यासाठीच घेतली. परंतु इतक्या महिन्यांनंतर मला तिच्या चाकांपेक्षा तिचे आसन अधिक मोलाचे वाटते. हवे तिथे थांबून बसता येऊ लागले आणि त्यामुळे घराबाहेरचे माझे आयुष्य बऱ्याच अंशी मला परत मिळाले.

याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतील डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. लेव्होडोपाच्या गोळीने ती उणीव काही तासांपुरती भरून निघते, पण पेशींचा हा ऱ्हास थांबवणारे औषध अजून हाती आलेले नाही. गोळीचा अंमल असतो तोवर मी बऱ्यापैकी चालते; तो उतरू लागला की पावले आखूड होतात, शरीर पुढे झुकते आणि कधी कधी पाय जमिनीला खिळल्यासारखे होऊन एक पाऊलही उचलले जात नाही. त्यात भर म्हणून बसलेली उठून उभी राहिले की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात हे निभावते, कारण चार पावलांवर खुर्ची असते. बाजारात, देवळाच्या वाटेवर किंवा बँकेच्या रांगेत अशी वेळ आली तर काय करायचे, या धास्तीने मी जाणे-येणे कमी करत गेले होते. आता अंधारी आली की ब्रेकच्या दोन्ही मुठी खाली दाबून चाके पक्की करते, पाठ वळवून आसनावर बसते आणि बरे वाटले की पुढे निघते. सोबतच्या माणसालाही धावपळ करावी लागत नाही.

या सोयीचा सर्वांत मोठा आनंद मला चतुर्थीच्या आदल्या दिवसांत फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात मिळाला. मागची काही वर्षे यजमान सामान घेऊन येत आणि मी घरी बसून ते निवडत असे. गोव्यातील घरांत गणपतीच्या डोक्यावर बांधली जाणारी माटोळी म्हणजे रानातल्या आणि परसातल्या फळांचा, पानाफुलांचा एक संग्रहच असतो, आणि तो आणण्यातली निम्मी गंमत तो विकणाऱ्या बायकांशी बोलण्यात असते. या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून जमिनीवर बसतात. उभ्याने त्यांच्याशी बोलायचे तर मला खाली वाकावे लागे, आणि वाकले की तोल जाई. या वेळी मी वॉकर कडेला लावून आसनावर बसले आणि त्यांच्या जवळजवळ समोरासमोर आले. सुपारीची शिंपुटी (घड) हातात घेऊन पारखली, तोरंजने वजनाला कशी आहेत ते पाहिले, आंबाड्यांचा घोस देठाशी कुजलेला नाही ना याची खात्री केली. एका बाईने कुठल्याशा रानफळाचे नाव मला सांगितले आणि ते तिच्या गावात कोणत्या झाडाखाली सापडते, हेही सांगितले. माझा आवाज आता बारीक झाला आहे; उभी असताना गर्दीत तो कोणाला ऐकू जात नाही, पण बसून बोलले की समोरच्या माणसाला तो पुरतो. आसनाखालच्या टोपलीत सामान ठेवता आल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहिले, हेही सांगितले पाहिजे.

म्हार्दोळची जाई प्रसिद्ध आहे. श्रावणाच्या सुमारास म्हालसेच्या देवळात जायांची पूजा होते. पार्किन्सनमध्ये घ्राणेंद्रिय मंद होते, अनेकांच्या बाबतीत तर हातापायांची लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी, आणि मला जाईचा वास येईनासा होऊन बराच काळ लोटला आहे. तरीही संध्याकाळी वॉकर घेऊन फुलवालीपाशी जाते आणि तिथे बसून तिचे काम पाहते. केळीच्या सोपाचे (खोडाच्या सालीचे) ओले दोर, त्यांत एकामागोमाग अडकवल्या जाणाऱ्या मिटलेल्या कळ्या, आणि बोटांना जाणवणारा त्यांचा गारवा, एवढे मला पुरेसे आहे. घरी आणलेल्या कळ्या रात्री उमलताना पाहायला मिळतात, तो आनंद वासाच्या आनंदापेक्षा वेगळा आहे आणि मला तो कमी वाटत नाही.

देवळात जाताना यजमान एक ओले फडके सोबत घेतात आणि सभामंडपात शिरण्याआधी चारही चाके पुसून देतात. चाके रस्त्यावरून आलेली असतात, तेव्हा हे योग्यच आहे. पायऱ्यांवर मात्र हा वॉकर निरुपयोगी आहे. तिथे तो कोणीतरी उचलून न्यावा लागतो आणि मला हात द्यावा लागतो. माझ्या वॉकरचे वजन सुमारे 7 किलो आहे, दुमडला की मोटारीच्या डिकीत किंवा रिक्षात मावतो, पण बसमध्ये चढवताना मदतनीस हवाच.

घरातला अनुभव संमिश्र आहे. आमच्या जुन्या घराचे उंबरठे उंच आहेत आणि दारे दोन फळ्यांची. वॉकरची रुंदी 61 सेंटिमीटर असल्यामुळे एक फळी उघडून भागत नाही. आता दिवसभर दोन्ही फळ्या उघड्या ठेवतो. उंबरठ्यांना सुताराकडून लाकडी उतार करून घेतले. याच काळात एक गोष्ट लक्षात आली, जी मी सर्व पार्किन्सनग्रस्तांना आवर्जून सांगते. आमच्या दिवाणखान्यात काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या जुन्या लाद्या आहेत आणि तिथे माझे पाय सहसा खिळत नाहीत, कारण नजर पुढच्या चौकटीवर ठेवली की पाऊल तिच्यावर पडते. न्हाणीघराबाहेर नव्याने घातलेली फरशी एकरंगी, गुळगुळीत आहे. तिथे वॉकर हातात असूनही मी अडत असे. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून त्या फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्यांच्या आडव्या रेषा मारल्या आणि त्या ओलांडत चालू लागल्यावर अडणे बरेच कमी झाले. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेप्रमाणे कानांना ऐकू येणारा तालही पायांना मदत करतो. चतुर्थीच्या आरतीला घुमट हे मातीचे तालवाद्य आणि कासाळे ही मोठी झांज वाजू लागली तेव्हा मी सोप्यावरून (ओसरीवरून) देवघरापर्यंत न थबकता गेले. काही महागड्या वॉकरांना जमिनीवर लाल रेषा टाकणारा लेझर दिवा असतो. तो चांगला असेलही, पण घरापुरते तरी चिकटपट्टीने माझे काम झाले.

पावसाळ्यातली कामगिरी मला समाधानकारक वाटली नाही. या वॉकरचा ब्रेक चाकाच्या रबरावर दाबून चालतो, आणि रबर ओले झाले की पकड कमी होते. उतारावर हे धोक्याचे आहे. दोन्ही हात मुठींवर असल्यामुळे छत्री धरता येत नाही, रेनकोटच घालावा लागतो. अंगणातील जांभ्या चिऱ्यांवर शेवाळ धरते तेव्हा तर मी वॉकर बाहेर काढलाच नाही. ते दिवस सोप्यावर फेऱ्या मारण्यात आणि आसनावर बसून पागोळ्या पाहण्यात गेले. सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे गंजला नाही, पण स्क्रूंवर आणि ब्रेकच्या तारेच्या टोकाशी गंज दिसू लागला. पुढच्या चाकांच्या आसाभोवती सुंभाचे धागे आणि केस गुंडाळले जाऊन चाके जड फिरू लागतात. ते कात्रीने कापून काढणे, आसाला तेलाचा थेंब देणे आणि तार सैल झाली की ती ताणून घेणे, ही कामे यजमान न सांगता करतात.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पार्किन्सनच्या रुग्णाच्या दृष्टीने या वस्तूचा खरा कमकुवतपणा तिथे आहे. पावले आखूड होऊन आपोआप वेग घेऊ लागतात तेव्हा चाकांचा वॉकर पुढे पळतो आणि माणूस त्याच्यामागे ओढला जातो. अशा वेळी ब्रेक चटकन दाबता आला पाहिजे, आणि नेमकी तेव्हाच बोटे मंद झालेली असतात. ज्यांची पावले वारंवार अशी धावतात, त्यांनी मूठ दाबली तरच चाके फिरतात आणि सोडली की थांबतात, अशा उलट्या ब्रेकचा प्रकार पाहावा. तोल जाऊन पाठीमागे पडणाऱ्यांना कोणताही वॉकर पुरेसे संरक्षण देत नाही. आणखी एक इशारा: आसनावर बसलेल्या माणसाला कोणीही ढकलत नेऊ नये. आमच्या भाच्याने प्रेमाने तसा प्रयत्न केला, त्याला मी लगेच थांबवले. ही चाकांची खुर्ची नव्हे. लहानशा खड्ड्यातही वॉकर उलटू शकतो.

माझा आजार या महिन्यांत थोडा पुढे सरकला आहे. दोन गोळ्यांमधला चांगला काळ आखडला आहे आणि बाहेर पडण्याची वेळ मला अधिक काटेकोरपणे ठरवावी लागते. त्या आटोपशीर वेळेत आता बाजार, फुले आणि शेजारणीकडचा चहा एवढे बसते, आणि त्यातले काहीही घाईत उरकावे लागत नाही, याचे श्रेय मी या वॉकरला देते. तो मला किती काळ पुरेल हे माझ्या आजारावर अवलंबून आहे, तरीही त्यावर खर्च केलेल्या पैशांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

घेऊ इच्छिणाऱ्यांनी आधी फिजिओथेरपिस्टकडून चालणे तपासून घ्यावे. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, इतपत उंची ठेवावी. आमच्याकडच्या खडबडीत रस्त्यांसाठी मोठी चाके निवडावीत आणि घरातील सर्वांत अरुंद दार मोजून मगच दुकानात जावे. दुकानात शक्यतो गोळीचा अंमल उतरलेला असताना, कोणाला तरी सोबत घेऊन जावे आणि ब्रेक स्वतःच्या हाताने दाबून, पक्के करून, पुन्हा सोडवून पाहावेत. त्या वेळी जो ब्रेक जमतो, तोच वॉकर घ्यावा.