भातासाठी कंपोस्ट: गोणी उघडून बघूनच घ्या

ग्वाल्हेरहून डबऱ्याला शेतावर जाताना वाटेत लागणाऱ्या खतांच्या दुकानातून यंदा कंपोस्ट घेतलं. भाताला कुठलंही सेंद्रिय खत चालतं, हे मला अजिबात पटत नाही. खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन (वातावरण तापवणारा वायू) तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं. त्यात ताजं शेण किंवा पेंढा गाडला, तर त्यांना आयतंच खाद्य. हा वायू बराचसा भाताच्याच मुळा-देठांतल्या पोकळ्यांतून वर निघतो. नीट कुजलेल्या खतातला सहज पचणारा कर्ब (कार्बन) आधीच खर्ची पडलेला असतो, म्हणून मिथेन कमी.

म्हणून गोणी तिथेच सोडायला लावली. खत काळपट, भुसभुशीत. मुठीत दाबलं तर गोळा होतो, बोट लावलं की फुटतो. वास ओल्या मातीचा. पिशवीवर कर्ब-नत्र प्रमाण, म्हणजे नायट्रोजनच्या किती पट कार्बन, छापलेलं, २० च्या आत; म्हणजे खत नीट कुजलेलं. हे फार आवडलं. एका गोणीत मात्र अर्धकच्चं तूस आणि प्लॅस्टिकचे तुकडे निघाले, शिवाय नाकाला झोंबणारा अमोनिया. दुकानदार भाऊंनी लगेच बदलून दिली, पण चाळून भरायला काय हरकत आहे? भावही चढाच.

हे खत चिखलणीच्या, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करण्याच्या, वेळी मिसळा. फुटवे आल्यावर एकदा पाणी काढलंत तर मिथेन आणखी उतरतो. फक्त तेव्हाच युरिया फेकू नका, नायट्रस ऑक्साइड वाढतो, तोही वातावरण तापवणाराच वायू.

पुढच्या हंगामालाही इथूनच घेणार, चाळलेलंच मागून.