कोकणातल्या व्हॅनवर १४ इंची छतपंखा: कुत्र्या-मांजरांसह राहणाऱ्यांनी घ्यावा का?

रेवस ते रेडी सागरी मार्गावर मुलंबाळं आणि कुत्रं-मांजर घेऊन व्हॅनमध्येच राहायचं ठरलं असेल, तर फ्रिज आणि शेगडीच्या आधी छताचा पंखा बसवा. हे परीक्षण १२ व्होल्टवर चालणाऱ्या, ३५५ मिमी म्हणजे १४ इंची चौकोनी भोकात बसणाऱ्या, हवा बाहेरही फेकणाऱ्या आणि आतही ओढणाऱ्या रूफ फॅनचं आहे. याचे दोन प्रकार मिळतात. एकाला साधं सपाट झाकण असतं, दुसऱ्याला घुमटासारखी टोपी. कोकणासाठी टोपीचाच घ्या. सपाट झाकणाचा पंखा पाऊस आला की बंद करावा लागतो, आणि इथे जून ते सप्टेंबर पाऊस थांबायची वाट पाहणं परवडत नाही.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर जनावर जिवाला मुकतं. हा पंखा हवा बदलतो, गार करत नाही. बाहेर ३४ अंश असेल तर आत ३४ च्या खाली पारा जाणार नाही. माणसाला वाऱ्याने बरं वाटतं, कारण अंगावरचा घाम सुकतो. कुत्र्याला तसा घाम येत नाही. ते धापा टाकतं आणि जिभेवरचा, तोंडातला ओलावा वाफ होऊन गेला की थंड होतं. मे महिन्यातल्या किनाऱ्याच्या दमट हवेत ही वाफच नीट होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं आणि ४१ च्या वर उष्माघात होतो. पग, बुलडॉग आणि पर्शियन मांजर यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या जनावरांना तर अजून लवकर.

त्यामुळे ‘पंखा चालू आहे, दर्शन घेऊन येऊ’ हे गणपतीपुळ्यात चालत नाही आणि कुणकेश्वरलाही नाही. उन्हात बंद गाडीत पहिल्या १० मिनिटांतच पारा साधारण १० अंशांनी चढतो. फ्यूज उडाला किंवा बॅटरीने कमी व्होल्टेजवर स्वतःला तोडून घेतलं, तर पंखा असलेली गाडीही बंद गाडीच होते. काही मॉडेल वीज परत आली तरी आपणहून सुरू होत नाहीत. घेण्याआधी दुकानातच वायर काढून-लावून ही एक गोष्ट तपासा. मोबाइलवर तापमान कळवणारी सिमकार्डाची यंत्रं मिळतात, पण खलाटीतल्या म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल गावांत रेंजचा भरवसा नाही. एका माणसाने गाडीपाशी थांबावं, दुसरा उपाय नाही. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडल्याच्या फेरीबोटीवरही इंजिन बंद करून कुत्र्याला पट्टा लावून खाली उतरवा. लोखंडी डेक तापलेला असेल तर त्याच्या पायांखाली ओलं गोणपाट टाका.

पंखा बसवताना बहुतेकांचं चुकतं ते छत कापताना. जिगसॉने म्हणजे विजेच्या बारीक पात्याच्या करवतीने पत्रा कापला की लोखंडाचा बारीक कीस छतभर उडतो. खाऱ्या हवेत तो रात्रीतून गंजतो आणि सकाळी पांढऱ्या रंगावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात. हे ठिपके मग रंगात शिरतात. म्हणून कापण्याआधी भोकाभोवती मास्किंग टेप आणि जुनी चादर पसरा आणि कापून झाल्यावर लगेच चुंबक फिरवून कीस उचला. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करून तिच्यावर झिंक प्रायमरचे दोन हात द्या. छताच्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मधली जागा निवडा. पट्टी कापली तर छत लवचिक होतं आणि पंख्याभोवती पाणी साचू लागतं.

फ्रेमखाली ब्युटाइल टेप म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी लावा. पत्र्यावर पन्हाळी असतील तर त्या आधी टेपच्या तुकड्यांनी भरून सपाट करा. स्क्रू स्टेनलेसचेच, मिळाले तर ३१६ ग्रेडचे. कडेने आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे अजिबात वापरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते पत्र्याला खातं. शिवाय सिलिकॉन एकदा लागलं की पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. हे काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उरका, सीलंटला निदान एक दिवस कोरडा मिळू द्या.

वायर २.५ चौरस मिमीची, शक्यतो कल्हईची म्हणजे टिन्ड कॉपर. उघड्या तांब्याला किनाऱ्यावर हिरवा थर चढतो, जोड तापतात आणि मोटर मंद फिरू लागते. पंखा बिघडला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा दोष या जोडात असतो. फ्यूज पंख्याच्या पुस्तिकेत दिलेलाच लावा, तो उडतो म्हणून मोठा घालू नका. नोंदणीच्या कागदांवर असलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, तेव्हा भोक पाडण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

विजेचा हिशेब जमवणं सर्वात अवघड. हे पंखे सर्वात कमी वेगावर अर्ध्या अँपिअरच्या आसपास आणि पूर्ण वेगावर ३ ते ५ अँपिअर खातात. दिवसाचे १० तास ४ अँपिअरने आणि रात्रीचे १० तास दीडने धरले तर ५५ अँपिअर-अवर फक्त पंख्याला लागले. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून रोज निम्मंच काढता येतं, म्हणजे एवढ्यातच ती रिकामी. त्याऐवजी जवळजवळ पूर्ण वापरता येणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. २०० वॅटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात साधारण एवढंच भरून देतं. पण ते उन्हात! जनावरासाठी गाडी सावलीत लावली की छतावरचं पॅनल जवळजवळ झोपतं. यावर दोन उपाय आहेत. घडीचं पॅनल १० मीटर वायरीवर उन्हात मांडा, किंवा चालत्या इंजिनावरून ही बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. दोन तास गाडी चालली की दिवसभराचा पंखा निघतो.

तापमानानुसार पंखा आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट असेल तर तो २५ अंशांवर लावून निर्धास्त होऊ नका. मे महिन्यात किनाऱ्यावर पारा रात्रीही २५ च्या खाली क्वचितच उतरतो, पंखा सकाळपर्यंत पळत राहतो आणि बॅटरी पहाटे मान टाकते. रात्री हाताने कमी वेग ठेवा. वरच्या वेगांचा आवाज मांजरांना सहन होत नाही, ती सीटखाली जाऊन बसतात, आणि तिथे वारा सर्वात कमी असतो.

वारा कुठून येतो ते मात्र आपल्या हातात असतं. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा ती कुठून तरी आत यावी लागते. त्याच्याजवळची खिडकी उघडली तर तिथलीच हवा वर निघून जाते आणि खाली झोपलेल्या कुत्र्याला काही लागत नाही. सावलीच्या बाजूची, पंख्यापासून सर्वात लांबची आणि शक्य तितकी खालची एकच फट उघडा, आणि कुत्र्याचं अंथरूण तिथे घाला. फटीला डासांची जाळी हवीच, मुरकुटं म्हणजे बारीक चावरी चिलटं संध्याकाळी उजेडाकडे झेपावतात.

छतपंख्याने गॅसची गळती निघून जाईल अशी समजूत दिसते, ती घातक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका कुत्र्याच्या नाकाशी. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक वेगळं ठेवा.

देखभालीत जाळी सर्वात जास्त त्रास देते. जनावरांचे केस वर ओढले जातात, खाऱ्या ओलाव्याने चिकट होतात आणि चार दिवसांत जाळीवर घोंगडीसारखा राखाडी थर बसतो. हवा निम्मी होते आणि वीज तेवढीच जाते. दर चौथ्या दिवशी जाळी काढून जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. मोटरच्या दांड्याला गुंडाळलेले केस चिमट्याने काढा, तिथे तेल घालू नका, केस आणि तेल मिळून लगदा होतो. टोपी उचलणाऱ्या गिअरला महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. सुरूच्या बनात गाडी लावली असेल तर टोपीच्या खाचांत अडकलेल्या काड्या निघताना काढा. माडाखाली तर गाडी लावूच नका. नारळ पडला तर टोपी आणि पॅनल दोन्ही जातात. आंबा, फणस, उंडी यांची सावली बरी.

पावसाळ्यात बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते, तेव्हा दिवसभर पंखा चालवून बुरशी जात नाही. भिजलेलं कुत्रं आत आलं किंवा भात शिजला की २० मिनिटं पूर्ण वेगाने बाहेर फेका आणि मग कमी करा. टोपी बहुतेक मॉडेलमध्ये मागच्या बाजूने उघडते. म्हणून गाडीचं तोंड नैर्ऋत्येला करा, नाहीतर झोडपता पाऊस थेट गादीवर येतो. चालत्या गाडीत टोपी बंदच हवी. गडग्यांमधल्या म्हणजे दगडी कुंपणांमधल्या अरुंद गल्ल्यांत खाली आलेल्या फांद्या उघडी टोपी मुळासकट उपटतात.

टोपीचा रंग धुरकट घ्या, पारदर्शक नको. वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून निघतात त्या महिन्यांत ती उजेडाच्या रोखाने चालतात आणि पारदर्शक टोपीतून गाडीतला दिवा किनाऱ्यावरून लांबवर दिसतो. तिथे रात्री आतले दिवे मालवा. कुत्र्याला पट्ट्याशिवाय पुळणीवर सोडू नका, कुत्री वाळू उकरून कासवांची अंडी खातात.