जपानी पटाश्यांच्या नावाखाली गेलेले २१,०५० रुपये

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे घडवण्याच्या विभागात, ३१ वर्षे पोलाद घासलेल्या माणसाने लाकूड कोरायची पटाशी विकत घेताना फसावे, ही गोष्ट घरात सांगायलाही मला आठ दिवस लागले. इथे ती लिहितो आहे, ती लाकडी प्रतिकृती करणाऱ्या आणखी चार जणांचे पैसे मला फसवणाऱ्या विक्रेत्याच्या घशात जाऊ नयेत म्हणून.

दोन वर्षांपासून मी इंदूरच्या राजवाड्याची प्रतिकृती करतो आहे. खालचे तीन मजले दगडी, ते एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर, भागले. वरचे चार लाकडी, आणि त्यांचे झरोके व खांब कोरायला एक-दोन मिलिमीटर रुंदीची हत्यारे लागतात. ती आजवर मी घरीच केली. जुन्या छत्रीची काडी मुळातच पन्हळीसारखी असते. ती चांगल्या पोलादाची असली, तर टोक घासून, लाल तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा मंद आचेवर गवती पिवळा रंग येईपर्यंत धरून तिची बारीक गोल पटाशी होते. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, पात्याचा चाकूही होतो. एवढे सगळे येत असताना हाव का सुटली, याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुरुवातीला त्या विक्रेत्याकडून १,१५० रुपयांची एकच पटाशी मागवली आणि ती उत्तम निघाली. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. बारा नगांचा ‘हाताने ठोकलेला’ जपानी संच १४,८०० रुपयांना आणि कोरायला मऊ अशा लिंडन लाकडाचे तीन मिलिमीटरचे वीस पत्रे ३,८०० रुपयांना, असे १८,६०० रुपये मी यूपीआयने पाठवले, तेही दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावावर. तो मराठी बोलत होता आणि मला ‘काका’ म्हणत होता. परमुलखात राहणाऱ्या माणसाला एवढे पुरते. चार दिवसांनी त्याने कस्टमचे म्हणून २,४५० मागितले. माल भिवंडीच्या गोदामात तयार आहे असे आधीच सांगून बसलेला माणूस कस्टम कसले मागतो, हे विचारायला मला सुचले नाही.

पण खरा क्षण त्याच्याही आधीचा आहे, आणि तो आठवला की आजही कान तापतात. जपानी पटाशीत कठीण पोलादाचा थर मऊ लोखंडावर तापवून ठोकून जोडलेला असतो आणि धारेच्या उतारावर त्या जोडाची रेषा दिसते. हातघडणीच्या हत्यारात ती बहुधा किंचित नागमोडी असते. त्याने पाठवलेल्या फोटोत बाराही पटाश्यांवर ती पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मी ती पाहिली. पत्नीला दाखवून ‘किती सुबक आहे’ असेही म्हणालो! कारखान्यात लाटलेल्या पट्टीवर रेषा सरळ येऊ शकते, हे मला ठाऊक होते आणि नेमक्या त्याच ज्ञानाने मी स्वतःची समजूत घातली. हा गृहस्थ दाम मात्र हातघडणीचा घेत होता, हे सोयीस्कर विसरलो. पाठीवर कोपऱ्यात कानशीचा एक हात मारून दाखवा म्हटले, तर ‘धार जाईल, काका’ एवढेच उत्तर आले. कठीण पोलादावरून कानस घसरते, मऊ लोखंडात ती रुतते. हे दहा सेकंदांचे चित्रण दाखवायला जो तयार नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

खोके आले. पहिल्याच सागवानी तुकड्यावर धार दुमडली, कानस लोण्यात शिरावी तशी शिरली आणि जोडाची ती सुबक रेषा थिनरच्या बोळ्याने पुसली गेली. लाकडाचे पत्रे कोमट पाण्यात ठेवले, तर तासाभरात तीन पापुद्रे सुटून आले, म्हणजे ते अखंड लाकूड नव्हतेच, प्लायवूड होते. पत्र्याची कड नेहमी ताजी कापून पाहावी; रंगवलेल्या कडेवर विश्वास ठेवू नये.

यानंतर माझी खरी पायपीट सुरू झाली. ठाण्यात हवालदारांनी कपाळाला आठ्या घालून विचारले, ‘माल तो मिला ना आपको?’ मिळाला, पण जो मागवला तो नव्हे, हा फरक त्यांना तीन खेपांत समजावता आला नाही. त्यांनी सायबर कक्षाकडे पाठवले, तिथे ही ग्राहकाची तक्रार आहे असे ठरले, ग्राहकाच्या तक्रारीसाठी विक्रेत्याचे बिल आणि पत्ता मागितला गेला, आणि तो पत्ता काढून द्या म्हणून मी पुन्हा ठाण्यात! बँकेने ‘पिन तुम्हीच टाकलात’ म्हणून हात झटकले. हिंदीत लिहून नेलेला अर्ज एकदा समास सोडला नाही म्हणून परत आला. साठीच्या माणसाला बाकावर दोन-दोन तास बसवून शेवटी ‘इस उमर में यह शौक क्यों?’ असे विचारण्याचा अधिकार कोणी दिला?

माझीही चूक आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर पैसे गेल्याबरोबर फोन करायचा असतो. मी लाजेपायी नवव्या दिवशी केला. त्या विक्रेत्याचे संदेश चोवीस तासांत आपोआप पुसले जात होते, तेव्हाच त्यांचे फोटो काढून ठेवायला हवे होते.

गेल्या आठवड्यात तोच संच नव्या नावाने १२,९०० रुपयांना विक्रीला आलेला पाहिला. फोटो जुनाच आहे: हिरव्या कापडावर बारा पटाश्या, आणि डावीकडून तिसऱ्या मुठीला टवका उडालेला.