सीमेवरच्या गस्तीत डिजिटल नकाशा: काही महिन्यांच्या वापरानंतर

हातातल्या उपकरणावर चालणारी डिजिटल नकाशाप्रणाली आमचे गस्ती पथक गेले काही महिने रोज वापरत आहे. वाट शोधण्यापेक्षा नोंदी ठेवण्यासाठी ती अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे. जप्तीचा पंचनामा करताना पूर्वी ‘ओढ्यापलीकडे, मोठ्या झाडाजवळ’ असे ठिकाण लिहिले जाई आणि उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवले जाई. आता अक्षांश-रेखांश, वेळ आणि छायाचित्र एकाच नोंदीत येतात. फक्त जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, हे अहवाल लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

खरी अडचण सीमारेषेची आहे. साध्या उपकरणाने दाखवलेले स्थान मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरनी चुकते. अरुंद दरीत उपग्रहांचे संकेत कड्यांवरून परावर्तित होऊन येत असल्याने ही चूक आणखी वाढते. पडद्यावरची रेषा मात्र केसाएवढी बारीक दिसते आणि ती ओलांडताच उपकरण इशारा देते. तेवढ्यावरून कोणी सीमा ओलांडली असे म्हणता येत नाही, कारण कायद्याने सीमा ठरते ती करार, सीमास्तंभ आणि संयुक्त मोजणी यांवरून. शिवाय जुने मोजणी नकाशे वेगळ्या आधारप्रणालीवर (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर) बेतलेले असतील आणि ते रूपांतर न करता जीपीएसच्या डब्ल्यूजीएस 84 या आधारप्रणालीवर बसवले, तर रेषा शेकडो मीटर सरकू शकते. नदीकाठी पात्र बदलते, म्हणून तिथे उपग्रहचित्राची तारीख पाहिल्याशिवाय मी त्यावर विसंबत नाही.

उंचीच्या माहितीबाबतही सावध राहावे लागते. 2000 साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून आलेली, सुमारे दर 30 मीटरला एक उंची देणारी जाळी आमच्या प्रणालीत आहे. टेहळणी मनोऱ्यावरून कोणता भाग दिसेल, याचा ढोबळ अंदाज तिच्यावरून बरा येतो. पण माणूस वाकून जाऊ शकेल अशी घळ त्या जाळीत हरवते.

घटनांची दाटी रंगांनी दाखवणारा नकाशा वरिष्ठांना फार आवडतो. जिथे गस्त अधिक तिथे नोंदी अधिक, त्यामुळे गडद रंग बऱ्याचदा आमचीच पावले दाखवतो. गस्तीचे तास शेजारी मांडल्याशिवाय त्यावरून मनुष्यबळ हलवू नये.

ऑफलाइन नकाशे व्यवस्थित चालतात, बॅटरी थंडीत लवकर उतरते. पुढच्या आवृत्तीत सीमारेषेऐवजी त्या क्षणीच्या अचूकतेनुसार रुंद होणारा पट्टा दाखवावा, अशी लेखी सूचना आम्ही दिली आहे.